सरपंचाची डिजिटल सही दुसऱ्याच्या खिशात नको

इंझोरी (ता. मानोरा) : पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायत आता चेकने काढत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून तो थेट समोरच्याच्या खात्यात जमा होतो.

या व्यवहाराला दोन कुलपं आहेत. एक जण बिल टाकून पेमेंट तयार करतो, तो 'मेकर'. हे काम सहसा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (पूर्वीचा ग्रामसेवक). दुसरा ते तपासून मंजूर करतो, तो 'चेकर', म्हणजे सरपंच. दोघांचं लॉगिन वेगळं. डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं डोंगलही वेगळं.

पण दोन्ही डोंगल आणि पिन एकाच ऑपरेटरकडे दिले, तर दोन्ही किल्ल्या एकाच्याच हातात गेल्या. मग तपासणार कोण? बिल खोटं निघालं तरी सही सरपंचाचीच दिसते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे सही सांभाळायची जबाबदारीही ज्याची सही त्याचीच.

म्हणून हे करा :
- डोंगल स्वतःजवळ ठेवा, पिन कोणालाच सांगू नका.
- बिल वाचल्याशिवाय मंजूर करू नका.
- डोंगल हरवलं तर सही लगेच रद्द करून घ्या.
- सरपंच बदलला की जुनी सही पोर्टलवरून काढली का, हे ग्रामसभेत विचारा.

गावाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर कोणालाही मोबाईलवर पाहता येतो.