जुन्या गाडीचे ब्रेक : पहिल्या ब्रेकसाठी नव्हे, दहाव्या ब्रेकसाठी

इथे पुंडलिकनगरात रविवारी सकाळी जुन्या मोटारींच्या ब्रेकवर ऐकायला एवढी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. आलाच आहात, तर सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

आम्हा तिघा मित्रांची सामाईक मालकीची एक प्रीमियर पद्मिनी आहे. एकदा पाच माणसं आणि सामान घेऊन आम्ही चाळीसगावला निघालो. वेरूळ, कन्नड सगळं झकास झालं. पुढे कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम घाट, लागला. टॉप गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत राहिलो. अर्ध्या घाटात जळका वास आला. पेडल खोल जाऊ लागलं. नंतर तर दोन्ही पायांनी दाबलं तरी गाडीचा वेग कमी होईना. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबवली. गंमत पुढेच आहे. तासाभराने पाहतो तर ब्रेक पुन्हा ठणठणीत! तुटलं काहीच नव्हतं. मग गेला कुठे होता ब्रेक?

याचं उत्तर उष्णतेत आहे. ब्रेक वेग गिळत नाही, वेगाची उष्णता करतो. माणसांसह आमची गाडी धरा १२०० किलोची. ताशी ६० किलोमीटरवरून ती थांबवताना साधारण १६७ किलोज्यूल उष्णता तयार होते. आता हीच गाडी फक्त ब्रेकवर २०० मीटर खाली उतरवली, तर तयार होणारी उष्णता जवळजवळ २३५० किलोज्यूल भरते. म्हणजे ६० च्या वेगावरून लागोपाठ चौदा वेळा थांबण्याएवढी. एवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी चार ड्रममध्ये कोंडली होती.

ड्रम ब्रेकची रचना डोळ्यांसमोर आणा. चाकाबरोबर फिरणारं लोखंडी डबडं, आत दोन शू, शूवर लायनिंग. पेडल दाबलं की शू आतून बाहेर ढकलले जातात आणि ड्रमला घासतात. यात एक सोय आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे थोड्या जोरात ब्रेक चांगला लागतो. पण तापला की ड्रम फुगतो, शूपासून दूर जातो, म्हणून पेडल खोल जातं. लायनिंग तापलं की त्याची पकडही घटते. याला मेकॅनिक मंडळी ‘फेड’ म्हणतात. थंड झालं की पकड परत येते. आमचं नेमकं हेच झालं होतं.

डिस्कमध्ये उलट आहे. चकती उघड्यावर फिरते, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. हवा लागते, उष्णता लवकर जाते. चकती तापून थोडी जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच सरकते, त्यामुळे ड्रमसारखं पेडल खोल जात नाही. पाणी लागलं तरी लगेच झटकलं जातं.

हे शर्यतीच्या मैदानावर सिद्ध झालं. १९५३ च्या ‘ल मां’ची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइप गाडीने जिंकली, तिला डनलपचे डिस्क ब्रेक होते. तासन्‌तास, प्रत्येक फेरीत, मोठ्या वेगावरून पुन्हा पुन्हा ब्रेक मारायचे. तिथे ड्रम थकले, डिस्क टिकले. मग ही गोष्ट विक्रीच्या स्पोर्ट्‌स गाड्यांत आली. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर-३ ला पुढे डिस्क मिळाल्या. एमजीए ही देखणी गाडी १९५५ ला चारही ड्रमवर आली आणि १९५९ च्या १६०० मॉडेलला पुढे डिस्क लागल्या.

आपल्या पद्मिनीचं काय? तिचं मूळ इटलीतलं, फियाट ११०० डी. इटलीत १९६६ ला ११०० आर आली, तिला पुढे डिस्क होत्या. आपल्याकडे मात्र कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० डी चाच सांगाडा पुढे चालू राहिला आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावाने धावला, तो ड्रमवरच. गंमत पाहा, आज आपल्याच वाळूजमध्ये एंड्युरन्स कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. आणि आपल्या गल्लीतली जुनी फियाट अजून ड्रमवर!

मग लगेच डिस्क बसवायच्या का? थांबा. आम्हीही त्याच घाईत होतो. त्याआधी चारही चाकं उघडली. एका मागच्या चाकाचा सिलिंडर गळून लायनिंग तेलकट झालं होतं, पुढच्या एका चाकात पिस्टन गंजून बसला होता. म्हणजे आम्ही अर्ध्या ब्रेकवर घाट उतरलो होतो! असल्या गाडीला पुढे डिस्क लावल्या असत्या तरी मागचं दुखणं तसंच राहिलं असतं. म्हणून पहिली पायरी ही, की मूळ ब्रेक मूळ अवस्थेत आणा. व्हील सिलिंडर, रबरी होज पाइप, लायनिंग बदला. ड्रम लेथवर सारखा करून घ्या, पण ठरलेल्या मापाच्या पलीकडे नाही. रबरी होज आतून फुगतात, बाहेरून कळत नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

दुसरी पायरी ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ ला उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

तिसरी पायरी मास्टर सिलिंडर. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर नीट बसवता आला, तर आमच्या मते डिस्कआधी हा बदल करावा. निदान दोन चाकं तरी थांबतील.

आणि मग डिस्क. इथे चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून पायाला जास्त जोर लागतो. बूस्टर लागू शकतो. दोन, कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला जास्त ऑइल लागतं. जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडू शकतो. तीन, ड्रमच्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या बाजूला राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि तापतात. चार, पुढचा-मागचा तोल. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरते. म्हणून पुढचे आणि मागचे ब्रेक एकमेकांना जुळवूनच घ्यावे लागतात. कॅलिपर रिमला लागत नाही ना, हेही आधीच मोजा.

आम्हाला नेहमी विचारतात, डिस्क लावल्यावर गाडी निम्म्या अंतरात थांबेल का? नाही. गाडीला शेवटी थांबवतो टायर. थंड असताना तुमचे ड्रम चाक जाम करू शकत असतील, तर पहिल्या ब्रेकला डिस्क फारसा फरक पाडणार नाही. चांगले टायर पाडतील. डिस्कचा फायदा दहाव्या ब्रेकला आहे, घाटाच्या शेवटच्या वळणावर आहे.

एक शब्द कायद्याचा. नोंदणीपत्रातला तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. म्हणून ब्रेकला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला कळवा. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. तशी नोंदणी हवी असेल तर मूळ भाग फेकू नका, जपून ठेवा.

काम झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, हळू वेगावर. नंतरच रस्ता, आणि शेवटी घाट.

आमच्या गाडीला अजून डिस्क नाहीत. चारही ड्रम दुरुस्त केले, होज बदलले, दोन सर्किट केली. त्यानंतर तोच घाट पुन्हा उतरलो. या वेळी ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरलो आणि ब्रेक मधूनमधून, थोडा वेळच दाबला. खाली पोचल्यावर ड्रमजवळ हात नेला. गरम होते, पण वास नव्हता आणि पेडल जागेवर होतं. डिस्क बसवू तेव्हा बसवू. पण उतारावर गिअर टाकायला एक पैसाही लागत नाही, एवढं आजच घेऊन जा.