वारसा आणि वाद (लेखांक ६) : वारस नाही, हे ठरवायचे कोणी?

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोनगीरमध्ये समजा एखादा तांबट मृत्युपत्र न करता वारला; मागे घर, दुकान, थोडे शेत आणि जवळचे कोणीच नाही. गावात दोन मते ठरलेली. एक, सगळे आता सरकारजमा. दुसरे, शेवटपर्यंत ज्याने सांभाळले त्याचे. दोन्ही कायद्यात बसत नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषामागे पहिल्या वर्गाचे वारस, मग दुसऱ्या वर्गाचे, मग गोत्रज आणि शेवटी भिन्नगोत्रज असा क्रम आहे, आणि शेवटच्या दोघांना पिढ्यांची मर्यादाच नाही. चुलत पणजोबांचा खापरपणतू सुरतेला कारखान्यात असला, तरी तो वारसच. कलम २९ नुसार सरकार येते ते या सर्वांच्या मागून, तेही मृताची देणी अंगावर घेऊन. तेव्हा मालमत्ता बेवारस आहे असे गावाला वाटून भागत नाही, ते सिद्ध करावे लागते.

सिद्ध कोणी करायचे? हरिद्वारच्या एका आश्रमाच्या मालमत्तेला तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम २९ लावले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उत्तर दिले: भार सरकारवर, आणि मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयातच. दावेदारानेच निकाल द्यायचा नसतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. तेच भाऊबंदांनाही लागू आहे. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढले की जिंकलो, या समजुतीने कितीतरी घरे कोर्टाची पायरी चढतात. पण ती नोंद महसुलापुरती, मालकी तिच्यातून जन्मत नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली आजही मिळणारा वारस दाखलासुद्धा मालकीचा वाद कायमचा मिटवत नाही.

यावर आक्षेप येतो की सरकार पुरावे गोळा करेपर्यंत शेत गावातल्या दांडग्याच्या घशात जाईल. भीती खोटी नाही. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३४ मध्ये तिची सोय आहे: माहितीतला वारस नसेल तर जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेऊन एकेक वर्षाच्या खंडाने देऊ शकतात, तीन वर्षांत दावेदार आला तर चौकशी करतात, कोणीच आले नाही तर लिलाव. म्हणजे राखणे वेगळे आणि गिळणे वेगळे, हा फरक कायद्याने केला आहे. तो वापरला जात नसेल तर दोष अंमलबजावणीचा. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: ज्या शेजाऱ्याने आजारपण काढले त्याला काहीच नाही, आणि कधी तोंड न दाखवलेल्या दूरच्या पुतण्याला सगळे? हे कठोर आहे, मान्य. तरी सेवेतून मालकी मिळू लागली तर एकट्या म्हाताऱ्याभोवती सेवेकऱ्यांची गर्दी होईल आणि पुरावा राहील तो फक्त तोंडी. परवानगीने घरात राहिलेला माणूसही कितीही वर्षे राहिला तरी मालक होत नाही. शेजाऱ्याला द्यायचे असेल तर ते मृतानेच जिवंतपणी ठरवावे लागते, आणि मृत्युपत्राला फार लागत नाही: साधा कागद, स्वतःची सही, दोन साक्षीदार. नोंदणीचीही सक्ती नाही.