उचलती चूल

चूल ही घरातील सर्वांत स्थिर वस्तू, अशी आपली समजूत आहे. संसार थाटला म्हणजे चूल मांडली, भाऊ वेगळे निघाले म्हणजे चुली वेगळ्या झाल्या. पण आपल्या माणदेशात चुलीलाही पाय फुटतात. धनगर मेंढरे घेऊन बाहेर पडतो, ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. २०१२ च्या दुष्काळात येथेच, म्हसवडला, माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी उघडली, तेव्हा गुरांमागे माणसेही मुक्कामाला आली. अशा मुक्कामी बाईच्या वाट्याला बहुधा तीन दगड येतात. चोहोबाजूंनी वारा, डोळ्यांत धूर, आणि जळणाच्या उष्णतेपैकी शेकडा दहा-पंधरा भागच काय तो भांड्याला लागतो. जेथे काटकीसाठी रान धुंडावे लागते, तेथे ही उधळपट्टी परवडणारी नव्हे.

मग मातीची चूल उचलून नेता येईल काय? येईल, मात्र माती, जाडी आणि वाळवण या तीन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत.

प्रथम माती. काळी माती घेऊ नये. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. भिंतींना व माळवदाला वापरतात ती पांढरीची माती बरी. तीत चाळलेली वाळू, गव्हाचा भुसा आणि लीद घालून गारा दोन दिवस भिजत ठेवावा व पायांनी तुडवावा. वाळू आकसणे कमी करते. भुशाचे काम निराळे आहे. माती दाब सोसते, ताण सोसत नाही; उचलताना जो ताण पडतो तो भुशाचे धागे धरून ठेवतात. तरीही चूल भिंतीला धरून कधी उचलू नये. ती जुन्या घमेल्यात राखेच्या थरावर घडवावी, म्हणजे भार घमेल्यावर पडतो.

दुसरी गोष्ट जाडी. आतून २२ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच अशी एका भांड्याची चूल घेऊ. भिंत ५ सेंटिमीटर ठेवली तर बुडासकट वजन सुमारे १७ किलो भरते. १० सेंटिमीटर ठेवली तर ३६ किलोंच्या घरात जाते. जाड चूल दणकट, म्हणून चांगली, असे पुष्कळांना वाटते. पण माती तापवायलाही जळण लागते. वजनास वजन घेतले तर पाण्याच्या सुमारे पाचवा हिस्सा उष्णता माती पिते. म्हणजे ३६ किलोंची चूल सगळी तापायची तर सात लिटर पाणी तितकेच तापविण्याइतकी उष्णता तिनेच गिळली! पाव भाजण्याच्या भट्टीला ही साठवण हवी असते. विस्तव ओढून घेतल्यावर तिच्या भिंतीच पाव भाजतात. भाकरीला समोरचा जाळ हवा. तेव्हा हलकेपणा ही येथे तडजोड नसून गुणच आहे. वैलाचा मोह मात्र सोडावा लागतो.

जळण जमिनीवर न ठेवता लोखंडी जाळीवर ठेवावे; खालून हवा मिळाली की धूर कमी होतो. भांडे तीन उंचवट्यांवर बोटभर वर राहावे, नाहीतर जाळ कोंडतो.

तिसरी गोष्ट वाळवण. चूल सावलीत, सावकाश वाळवावी. पहिल्या दिवशी मोठा जाळ केला तर आत उरलेल्या पाण्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशे पट जागा मागते, आणि चूल फुटते. आधी चार काटक्या, मग हळूहळू जाळ वाढवावा. अशी चूल भट्टीत भाजलेली नसते. तिला पावसापासून जपावे आणि वरचेवर सारवावे.

हे काम कारागिराच्या हाती गेले तर अधिक नेटके होते. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने सुधारित चुलींच्या कामात कुंभारांना हाताशी धरले, ते याचसाठी. आज घरोघर गॅस आला आहे, हे खरे. पण मुक्कामावर टाकी संपली की पुन्हा काटक्याच गोळा कराव्या लागतात. गाव सोडणाऱ्या माउलीच्या गाडीत बाजल्याशेजारी ही १७ किलोंची चूल ठेवता आली, तर निदान पहिल्या रात्रीची भाकरी तिला डोळे न चोळता थापता येईल.