बँड मोडला, मग तबकडी आली

१९८१ साली ‘म्युझिक इंडिया’ने ‘ऑब्सेशन ७७’ नावाची तबकडी बाजारात आणली. वाजवणारा बँड मुंबईचा, ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’. अडचण एवढीच, की तोवर बँडच उरला नव्हता. आदल्या वर्षी ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्याने देशाला डिस्कोचं वेड लावलेलं, गिटारच्या या कर्कश, झिंगल्या सुरांकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. पुढे परदेशी संग्राहकांनी ही तबकडी हुडकली, जुन्या प्रतींना चढा भाव आला आणि २०११मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन रेकॉर्ड्स’ने ती नव्याने काढली.

बँडची ही एकुलती एक तबकडी.

कीथ कांगाने सत्तरच्या दशकात हा बँड उभा केला. गिटारवर नील चट्टोपाध्याय, गायला मधुकर चंद्र धस. त्या काळी मुंबईत असे बँड बरेच निघत आणि बहुतेक चार-दोन वर्षांत मोडत. गुणवत्तेपेक्षा खिशाचा प्रश्न मोठा होता. परदेशी गिटार, अॅम्प्लिफायर आयातीच्या निर्बंधांमुळे मिळणं मुश्कील. कुणी परदेशातून येताना आणलं तर आणलं. रेकॉर्ड कंपन्यांचं पोट सिनेमाच्या गाण्यांवर चाललेलं. इंग्रजी गाणाऱ्या पोरांवर पैसा लावणार कोण?

लावला तो सिगारेट कंपनीने! इंपिरियल टोबॅको, म्हणजे पुढची आयटीसी, आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा भरवायची. देशभरातले बँड त्यासाठी मुंबईत जमत. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांतल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. शिलाँगच्या ‘फेंटोन्स’ने तर चक्क ‘सिमला बीट थीम’ वाजवून प्रायोजकाचं नाव सुरांत गुंफलं.

ऐकणारा वर्ग छोटा, पण दर्दी होता. ऑक्टोबर १९७२मध्ये ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये त्यांनी उसन्या वाद्यांवर मैफल जमवली. त्याच मुक्कामात त्यांनी मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. तीही अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

मग बँड मोडल्यावर ही मंडळी गेली कुठे? बरीच नोकरीधंद्याला लागली किंवा परदेशी गेली. काहींना मात्र रंगभूमीने हात दिला. १९७४मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक मुंबईत बसवलं. नुसत्या अभिनयावर भागणार नव्हतं. तार सप्तकात ओरडून गाऊनही सुरात राहणारे गळे हवे होते. ते बँडवाल्यांकडेच होते. येशू झाला ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चा धस आणि ज्यूडास झाला ‘व्हेल्व्हेट फॉग’ या दुसऱ्या अल्पजीवी बँडचा गायक नंदू भेंडे.

नंदू म्हणजे आत्माराम आणि डॉ. आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचा मुलगा. नाटक घरातच, रॉक मात्र त्याने स्वतः कमावलेलं. दोन्हींची गाठ पडली ती १९७८मध्ये. ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’चं पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं आणि थिएटर अॅकॅडमीसाठी जब्बार पटेल यांनी ते बसवलं. त्यातल्या गुन्हेगार नायकाची, अंकुशची, भूमिका नंदूकडे आली. नाटकाचं संगीत सरमिसळ होतं: एकीकडे नाट्यसंगीत आणि तमाशाचा ठेका, दुसरीकडे पाश्चात्त्य पॉप-रॉक. साहेबी थाटाच्या अंकुशला गिटारची धून शोभली आणि संगीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाने तीही ऐकून घेतली. सिगारेट कंपनीच्या स्पर्धेत इंग्रजी गाणाऱ्या पोरांना जो श्रोता कधी मिळाला नव्हता, तो इथे तिकीट काढून समोर बसला होता.

नंदू भेंडे पुढेही गात राहिला. १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे त्याच्याच आवाजातलं गाणं. एप्रिल २०१४मध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत रॉकवाले होते तसेच नाटकवालेही.