चाचा कोण, सरखेल कोण, पेंढारी कोण?

भोपाळात तलाव आहे, समुद्र नाही. तरी समुद्रावरच्या लुटीचा हिशोब समजून घ्यायला आपला माळवा फार उपयोगी पडतो. कसा ते पाहू.

जुन्या काळी समुद्रावर लुटणारे दोन प्रकारचे. चाचा कोणाचाच हुकूम मानत नसे. दुसऱ्याकडे राजाची सनद असे : शत्रूची जहाजं पकडा, ठरलेला वाटा द्या, बाकी तुमचं. सरकारला ना जहाज बांधायचा खर्च, ना खलाशांचा पगार. फुकटात आरमार!

इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमची सनद घेऊन कॅप्टन किड निघाला, तो असाच. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या मालाचं जहाज धरलं. जहाजाकडे फ्रेंच परवाना, म्हणजे ते शत्रूचं, असा त्याचा दावा. पण मोगल दरबार खवळला, ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार अडचणीत आला, आणि १७०१ मध्ये किडला लंडनमध्ये फाशी झाली. त्याच्या पुरलेल्या खजिन्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात; परवान्याची कोणी सांगत नाही.

इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं. इथेही कागदच बघा. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांकडे आले, सरखेलपद त्यांच्याकडे राहिलं. त्यांचं दस्तक न घेता जाणारं जहाज ते अडवत. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं हेच करत होते, फक्त त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझ म्हणजे कायदा आणि दस्तक म्हणजे चाचेगिरी, हे कुठलं गणित? १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

मग सनदी लुटारूंशी आपल्याकडे खरं साम्य कोणाचं? पेंढाऱ्यांचं. ही कुठली एक जात नव्हे. त्यांच्यात हिंदू होते, मुसलमानही होते. ते शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर चालत. शिंदेशाही, होळकरशाही ही त्यांची नावंसुद्धा धन्यावरून पडलेली. पगार नाही, शत्रूचा मुलूख लुटायचा आणि लुटीवर सरदाराला पालपट्टी भरायची. १८०३ ते १८०५ च्या युद्धानंतर धनी दुबळे झाले, पोट मात्र तेच राहिलं. नर्मदेच्या खोऱ्यातल्या चीतू, करीमखान यांच्या टोळ्यांनी मग आपला-परका बघणं सोडलं.

१८१७-१८ मध्ये इंग्रजांनी मोठी मोहीम काढली. भोपाळच्या नवाबांनीही १८१८ मध्ये कंपनीशी तह केला. शेवट कसे झाले बघा : चीतूला जंगलात वाघाने मारलं. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. पेंढाऱ्यांना बरोबर घेऊन लढणारा अमीरखान तह करून टोंकचा नवाब झाला.

फाशी की नवाबी, हे किती लुटलं यावर ठरलं नाही. तह कोणाशी आणि कधी केला यावर ठरलं. ज्याचं घर जळलं त्या गावकऱ्याला मात्र कुठलीच सनद दाखवून उपयोग नव्हता. म्हणून मंडळी, जुन्या कागदात ‘चाचा’ किंवा ‘पेंढारी’ हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा : हुकूम कोणाचा, वाटा कोणाला, आणि पगार कोण देतं?