सफरचंदाचें बाळपण

आमचा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त हिमाचल प्रदेशांतील कुलू खोऱ्यांत राहतो. आम्हांस फोनपेक्षां पत्र अधिक आवडतें हें ठाऊक असल्यामुळें तो अजूनहि महिन्याकांठीं एक पत्र लिहितो. तीन वर्षांपूर्वीं कार्तिकांत आलेल्या त्याच्या पत्रांत एक वाक्य होतें : "काका, येथें आतांपासूनच पाला पडूं लागला आहे, रोपांची फार काळजी वाटते." घरांतील मंडळींनीं तें वाचलें, आणि झाडाचा पाला पडला तर त्यांत काळजी कसली, असा प्रश्न सर्वांसच पडला. मग आम्हांस उलगडा करावा लागला. उत्तरेकडे गोठलेल्या दंवास पाला म्हणतात. तो संस्कृत 'प्रालेय' शब्दाचा वंशज. आपला पाला 'पल्लवा'पासून आलेला. रूप एकच, पण एक झाडाचें भूषण, तर दुसरा कोंवळ्या झाडाचा काळ!

घरमालकांनीं आपल्या बागेंतील वीस नवीं रोपें पुतण्याच्या हवालीं केलीं होतीं. हा विश्वास लहान नव्हे. कुलू खोऱ्यांत बंदरोल येथें कॅप्टन ली या इंग्रज गृहस्थानें १८७० सालीं सफरचंदाची बाग लावली. पुढें १९१६ सालीं सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानें सिमल्याकडील कोटगढ भागांत 'डेलिशस' जातीचीं रोपें आणून लावलीं, आणि त्यानंतर डोंगरोडोंगरीं बागा झाल्या. आज तेथील कित्येक घरांचा वर्षाचा संसार या एका फळावर चालतो. बियांच्या खुंटावर बांधलेलें कलम फळावर येण्यास सहा-आठ वर्षें लागतात. म्हणजे एक रोप मेलें कीं तितकीं वर्षें गेलीं.

पत्र वाचून आमच्यांतील शिक्षक जागा झाला. आम्हीं लगेच उत्तर लिहिलें कीं, वाळलेल्या गवताचा जाड थर प्रत्येक रोपाच्या बुंध्याशीं दाबून बसवावा, म्हणजे मुळांना ऊब राहील. पुतण्यानें काकांची आज्ञा तंतोतंत पाळली. चैत्रांत आम्ही स्वतः तेथें गेलों, तों वीसांपैकीं सात रोपांची साल, कांहींची जमिनीलगत तर कांहींची वीतभर उंचीवर, सभोंवार कुरतडलेली ! थंडीनें एकहि रोप मेलें नव्हतें. आम्हीं सुचविलेल्या उबेंत रानउंदरांनीं हिवाळाभर बिऱ्हाड केलें होतें. वर बर्फाचें छत असल्यामुळें त्यांना घुबडाचेंहि भय राहिलें नव्हतें.

घरमालक हे वृद्ध बागवान. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. "मास्टरजी, गवत चांगलेंच, पण तें खोडापासून हातभर दूर ठेवायचें," एवढेंच ते म्हणाले. पुतण्या मान खालीं घालून उभा होता. चूक आमची, आणि लाजला तो. आम्हांस त्याच्याकडे पाहवेना.

मग त्या बागवानांनीं आम्हांस चार दिवस शिकविलें. पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांकडे जातें तें सालीच्या आंतल्या थरांतून. एका बाजूची साल गेली तर झाड ती जखम हळूहळू भरून काढतें. परंतु सालीचें पूर्ण वलय गेलें कीं मुळें उपाशीं मरतात. जखम कलमाच्या सांध्याच्या वर असेल, तर तिच्या खालीं छाटून सांध्यावरील डोळ्यांतून नवा फुटवा घेतां येतो. सातांपैकीं दोन रोपें अशीं वांचलीं; पांच गेलीं.

थंडी ही मुळांत सफरचंदाची वैरीण नव्हेच. डेलिशससारख्या जातींना हिवाळ्यांत सेंटिग्रेडच्या सात अंशांखालील थंडी सुमारें १००० तास मिळाली नाहीं, तर त्या नीट फुलत नाहींत. घात करते ती अवेळीं आलेली थंडी. पावसाळा सरतांना नत्रयुक्त खत दिलें, कीं उशिरां कोंवळी फूट येते व पहिल्याच पाल्यांत काळवंडते. हिवाळ्यांत दुपारचें ऊन नैर्ऋत्येकडून बुंध्यावर पडतें, साल तापते, आणि सूर्य मावळतांच एकाएकीं गोठून फाटते. म्हणून बुंध्यास चुना फांसतात. पांढरा रंग ऊन परतवितो. वसंतांत उमललेलें फूल शून्याखालीं दोन अंशांवरच करपूं लागतें. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारानें वाहते आणि खोलगट जागीं सांचते. यास्तव रोपें उतारावर लावावीं, व तळाशीं दाट कुंपण घालून त्या हवेची वाट अडवूं नये. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, कीं त्या रात्रींपूर्वींच जमीन ओली करून ठेवावी. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक सांठविते व रात्रीं ती सोडते.

उंदीर व ससे यांजसाठीं पाव इंच भोकांची लोखंडी जाळी नळीसारखी वळवून बुंध्याभोंवतीं उभी करावी. ती दोन-तीन इंच जमिनींत पुरावी, खोडास चिकटूं देऊं नये, आणि बर्फाच्या थराहून हातभर उंच ठेवावी. कारण बर्फावर उभा राहिलेला ससा उंच पोंचतो. खोड जाडावेल तशी ती सैल करावी, नाहीं तर रक्षकच गळफांस व्हावयाचा. साळिंदर उकरून आंत शिरतें, म्हणून बागेच्या कुंपणाचा पायहि पुरलेला हवा. माकडें आणि अस्वल यांच्यापुढें मात्र जाळीचें कांहीं चालत नाहीं; तेथें जागती राखणच पाहिजे.

हें सारें दूरदेशचें आहे असें वाचकांनीं समजूं नये. हिमाचलांतीलच बिलासपूर जिल्ह्याचे हरिमन शर्मा यांनीं थोड्या थंडींत फळणारी 'एच. आर. एम. एन. ९९' ही जात निवडून काढली, आणि ती आतां महाराष्ट्रांतहि हौसेनें लावली जाते. आपल्याकडे बर्फ नाहीं. पण ससे, उंदीर आणि कडक ऊन आहेच. तेव्हां चुना आणि जाळी येथेंहि हवी, आणि बुंध्याभोंवतालची हातभर मोकळी जागाहि हवी.

त्या बागवानांनीं गेलेल्या पांच रोपांच्या जागीं नवीं पांच लावून तींहि पुतण्याच्याच हवालीं केलीं. परवां त्याचें पत्र आलें. वीसहि रोपें नीट आहेत. शेवटीं त्यानें विचारलें आहे : "काका, यंदां रोपांना आणखी कांहीं करावें काय ?" आम्हीं उलट टपालीं लिहिलें, "घरमालकांस विचार, आणि ते सांगतील तें आम्हांसहि कळीव."