वर दिसतं तसंच खाली असेल का? : स्क्रोल सॉवरची चवड-कापणी

तत्त्वज्ञानाचा मास्तर सुतारकामावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण अनुमान कुठे टिकतं आणि कुठे मोडतं, हे या कामात डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. म्हणून हा विषय घेतला.

आधी काम समजून घेऊ. स्क्रोल सॉ म्हणजे वरखाली चालणारी, बारीक पात्याची यांत्रिक करवत. पातं साधारण ५ इंच लांब, वर आणि खाली पकडीत ताणून बसवलेलं. ते जागेवरच राहतं. आपण लाकूड फिरवायचं. जाळी, नक्षी, अक्षरं कापायला हे यंत्र वापरतात. समजा, आपल्याला षटकोनी आकाशकंदील करायचा आहे. त्याला सहा बाजू लागणार, आणि सहाही सारख्या हव्यात. एकच जाळी सहा वेळा कापायची, की ६ मिलिमीटरच्या सहा फळ्यांची चवड रचून एकदाच कापायची? दुसरा मार्ग सोपा दिसतो. नक्षीचा कागद फक्त वरच्या फळीवर चिकटवायचा, करवत चालवायची, सहा प्रती तयार.

आता इथे आपण नकळत एक अनुमान केलं. वरची फळी प्रत्यक्ष दिसते. खालच्या पाच दिसत नाहीत. तरी आपण म्हणतो, 'वर जसं, तसं खाली'. हे नेहमी खरं आहे का?

नैयायिकांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलटं, जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओलं सरपण लागतं. या लपून बसलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. आपल्या चवडीतही अशी उपाधी आहे : पातं सरळ हवं आणि यंत्राच्या टेबलाशी काटकोनात हवं. चवड रचली म्हणून प्रती सारख्या होत नाहीत. ही अट पाळली, तर होतात.

अट मोडली तर किती बिघडतं, याचा हिशेब करू. टेबल फक्त १ अंशानं कललं आहे असं धरा. एका ६ मिलिमीटरच्या फळीत वरच्या आणि खालच्या पृष्ठभागात ०.१ मिलिमीटरचा फरक पडेल. तो कुणाला दिसणारही नाही. पण ३६ मिलिमीटरच्या चवडीत तोच फरक ०.६ मिलिमीटरच्या पुढे जातो. आता जाळीतल्या दोन भोकांमधली बारीक पट्टी बघा. वर ती १.५ मिलिमीटर रुंद आहे. कलामुळे दोन्ही भोकं खाली रुंदावत गेली, तर पट्टी दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते, आणि तळाशी जेमतेम पाव मिलिमीटर उरते. म्हणजे मोडलीच. वरची फळी मात्र सुंदर! चूक एकच, पण ती भोगायची कुणी, तर तळाच्या फळीनं.

म्हणून कापण्याआधी तपासायचं. छोटा गुण्या पात्याला लावून बघता येतो, पण त्याहून चांगली एक युक्ती आहे. चवडीइतक्याच जाडीचा टाकाऊ ठोकळा घ्या. त्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर पाडा आणि यंत्र बंद करा. ठोकळा उलथा करू नका, टेबलावर सपाट ठेवूनच अर्धा फिरवा आणि तीच चीर पात्याच्या मागच्या बाजूनं पात्यावर आणा. पातं वरपासून खालपर्यंत अलगद आत गेलं, तर काटकोन आहे. कल असेल तर फिरवल्यावर तो दुप्पट होऊन दिसतो.

टेबल काटकोनात आहे, म्हणून सुटलो का? नाही. जाड चवडीत आणखी एक अडचण येते. पातं एका फेरीत साधारण १९ मिलिमीटर वरखाली होतं. लाकूड १२ मिलिमीटरचं असेल तर दाते बाहेर येतात आणि भुसा टाकून देतात. ३६ मिलिमीटरमध्ये मधले दाते एका फेरीत बाहेर येतच नाहीत. भुसा आतच घोटाळतो, घर्षण वाढतं, लाकूड करपतं. कापणं मंदावलं की आपण नकळत जोर लावतो. पातं वर आणि खाली पकडलेलं असल्यामुळे ते मध्येच वाकतं. अशा वेळी पहिली आणि सहावी फळी जुळते, पण तिसरी-चौथी वेगळीच निघते. दोन टोकं तपासून मधल्याची खात्री देता येत नाही, हे लक्षात ठेवा.

उपाय साधे आहेत. पातं जाड घ्या, विरळ दात्यांचं, म्हणजे भुशाला जागा मिळते. ताण पुरेसा ठेवा. लाकूड ढकलू नका, पात्याला त्याच्या गतीनं खाऊ द्या. वरच्या फळीवर पारदर्शक चिकटपट्टी लावली की करपणं कमी होतं. फळ्या दुहेरी चिकटपट्टीनं किंवा टाकाऊ भागात बारीक खिळे ठोकून घट्ट बांधा. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. आणि जाळी नाजूक असेल, तर सहाऐवजी तीन-तीनच्या दोन चवडी करा. यंत्रात ५० मिलिमीटर मावतं, म्हणून ५० मिलिमीटर कापलंच पाहिजे असं नाही.

मग कल नेहमी दोषच का? तसंही नाही. पॅरिसमधला आंद्रे-शार्ल बूल, १६४२ ते १७३२, हा चौदाव्या लुईच्या दरबारचा कारागीर. त्याच्या कामात पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ थर एकत्र ठेवून कापत. एका कापणीतून दोन नक्ष्या : एकीत कवचात पितळ, दुसरीत पितळेत कवच. पण करवत थोडी जागा खातेच, त्यामुळे सरळ कापात बारीक फट राहते. लाकडाचं जडावकाम करणारे म्हणून टेबल मुद्दाम थोडं कलवतात. कलामुळे खालचं भोक जेवढं लहान होतं, तेवढीच जागा करवतीनं खाल्लेली असते, आणि वरचा तुकडा त्यात घट्ट बसतो. प्रती काढायच्या तर काटकोन हवा. एकात दुसरं बसवायचं तर कल हवा. तेव्हा आपल्याला काय हवं आहे, हे आधी ठरवायचं आणि मग टेबलाचा स्क्रू आवळायचा.

आणि कापून झाल्यावर चवड सोडाल, तेव्हा वरची फळी बाजूला ठेवा. आधी मधली उचलून बघा, मग तळाची. कंदिलात दिवा लावल्यावर सहाही बाजू सारख्याच उजळणार आहेत. वरची कुठली आणि तळाची कुठली, ते बघणाऱ्याला कळता कामा नये.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.